करंगळीचा सूर

कॉलेजातली पोरं तिला ‘गादी’ म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण भिंतीलाही कान असतात, आणि संगीताच्या कॉलेजात तर भिंतींना कानांशिवाय दुसरं काही नसतं, त्यामुळे हे नाव नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्यापर्यंत पोचलं. तिला राग आला नाही. उलट घरी येऊन तिनं ते आम्हाला कौतुकानं सांगितलं. मला वाटलं, अंगावरून चिडवतात. तशी ती अंगानं भरलेली.

“गादी का गं?” मी विचारलं.

“माझ्यावर कोणीही पडलं तरी लागत नाही, म्हणून,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

ही माझी नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, वयानं माझ्याएवढीच, म्हणून आमचं पहिल्यापासून अगं-तुगं. माझी लेक बोलायला लागली तशी मीही तिला ‘आत्या’च म्हणायला लागले, मग नवराही म्हणायला लागला. सख्खा भाऊ बहिणीला आत्या म्हणतो हे ऐकून नवा माणूस गोंधळायचा. तिनं लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. एका खोलीत पियानो आणि दुसरीत तिचा उरलेला सगळा संसार.

तिचं काम म्हणजे साथ. गाण्याची पदवी घेणाऱ्या मुलांनी परीक्षकांसमोर उभं राहून गायचं आणि हिनं मागे पियानो वाजवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण पोरं घाबरलेली असतात. कोणी घाईघाईत एक ओळच गिळतं, कोणी दुसरं कडवं आधी म्हणतं, कोणाचा श्वास मध्येच संपतो. आत्या त्यांच्याबरोबर ती ओळ गिळायची, कडव्यांची अदलाबदल करायची, श्वास संपला तिथं चार सूर जास्त वाजवून त्या पोराला दम खायला जागा करून द्यायची. आणि हे सगळं असं, की समोर बसलेल्या परीक्षकांना वाटावं, गाणं असंच आहे. दालनात शिरण्याआधी प्रत्येक पोरगं तिच्या कानाशी लागून एकच वाक्य म्हणायचं, “सांभाळून घ्या हं.” आणि ती घ्यायची.

याचं मूळ तिच्या स्वतःच्या परीक्षेत होतं. तरुणपणी ती गायची, पदवीही गाण्याचीच घेत होती. तिच्या परीक्षेला साथीला एक म्हातारे गृहस्थ होते, घड्याळासारखे. गाणारा मेला तरी त्यांचा हात थांबायचा नाही. ही मधेच दोन शब्द विसरली. तिला वाटलं, ते थांबतील. ते पुढे निघून गेले. ही त्यांच्यामागून धावली, आणखी चुकली, आणि शेवटी रडतच बाहेर आली. त्यानंतर तिनं परत कधी लोकांसमोर गायलं नाही. पियानो शिकली, साथीदार झाली, आणि मनाशी ठरवून टाकलं की आपल्या पियानोसमोर कोणाचीही अशी फजिती होऊ द्यायची नाही. ठरवलं ते वाईट होतं असं कोण म्हणेल? मीही म्हटलं नाही.

माझी लेक गळ्यात सूर घेऊनच आली होती. तो आमच्याकडून आला नाही. माझा नवरा गाऊ लागला की मी शिलाई मशीन जोरात चालवते. आत्यानं तिला लहानपणापासून वरच्या खोलीत शिकवलं, आणि पुढे ती त्याच कॉलेजात पदवीला गेली. पहिल्याच दिवशी जिन्यावर तिनं “आत्या, थांब ना!” अशी हाक मारली, आणि महिन्याभरात अख्ख्या कॉलेजची ती आत्या झाली.

लेकीचा आवाज मोठा, मोकळा, खालून वर सहज चढणारा. पण एक खोड होती. त्यांच्या गाण्यांत मधे एक तुकडा असतो, जिथं पियानो एकटाच वाजतो आणि गाणाऱ्यानं गप्प उभं राहून मात्रा मोजायच्या असतात. मोजून झालं की नेमक्या जागी आत शिरायचं. लेक तिथं उतावळी व्हायची आणि आधीच शिरायची. “आली का गाडी फलाटावर? मग चढतेस कशाला?” आत्या ओरडायची. काही उपयोग झाला नाही. मग आत्यानं एक युक्ती काढली. शिरायच्या जागेच्या किंचित आधी ती डाव्या हाताच्या करंगळीनं अगदी खालचा एक सूर हलकेच दाबायची. छापील गाण्यात तो सूर नव्हताच. इतका हलका, की परीक्षकांना ऐकू यायचा नाही, आला तरी पियानोच्या पोटातून काहीतरी घुमलं असं वाटायचं. पण लेकीला ऐकू यायचा. तो आला की शिरायचं.

खोड गेली. एकदम गेली. आत्याला युक्ती इतकी आवडली की बाकीच्या पोरांनाही ती तो सूर देऊ लागली, आणि त्यांनाही न सांगताच त्याची सवय झाली. कॉलेजात सगळे वेळेवर शिरू लागले. मोठे सर, म्हणजे त्यांचे विभागप्रमुख, म्हणाले, आपल्या विद्यार्थ्यांची लय फारच पक्की झाली आहे.

मी शिवणकाम करते. कपडा बेतल्यावर आधी आम्ही कच्चा टाका घालतो, मग मशीन मारतो, आणि मग तो कच्चा टाका उसवून टाकायचा असतो. नवशिक्या मुली तेवढंच विसरतात. पण ते गाणं होतं, आणि गाण्यातलं मला काय कळतंय.

पदवी छान झाली. लेक वर्गात पहिली आली. आता पुढे काय, तर आमच्या शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात पगारी गायनमंडळी होती. कायमची नोकरी, रोजचं गाणं. अशी जागा क्वचित निघते, आणि वयाची अट असते. त्या वर्षी एक जागा निघाली, आणि लेकीला चाचणीचं बोलावणं आलं. लहानपणापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. मी तिच्यासाठी निळा झगा शिवला, खांद्यात सैल, श्वास मोकळा घेता यावा म्हणून. आत्यानं तिच्याकडून चाचणीचं गाणं महिनाभर घोटून घेतलं. साथीला त्यांचा माणूस असणार होता, बाहेरच्याला परवानगी नव्हती. “वाजवतो चांगला,” आत्या म्हणाली. “मी ऐकलंय त्याला. एक सूर इकडचा तिकडे होत नाही.” हे ती धीर द्यायला म्हणाली.

लेक दुपारीच परत आली. मी दार उघडलं तर झग्यासकट ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायली, ग्लास धुतला, पुसला, परत धुतला. मग खुर्चीवर बसली. आत्या वरून धावत आली. नवराही आला.

“पहिलं कडवं चांगलं गेलं,” लेक म्हणाली. “मान डोलावत होते. मग मधला तुकडा आला. तो संपत आला, मी तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि उभीच राहिले.”

“म्हणजे?” नवरा म्हणाला.

“उभीच राहिले, बाबा. तोंड उघडं टाकून. पियानो पुढे निघून गेला. त्यांनी थांबवलं, म्हणाले, होतं असं, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.” मग ती एकदम चिडून म्हणाली, “त्याच्यामुळे झालं! त्यानं तो सूर वाजवलाच नाही!”

“नाचता येईना अंगण वाकडं,” नवरा म्हणाला. त्याची ही जुनी सवय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेरच गेला.

“कुठला सूर?” मी विचारलं.

“अगं, असतो ना तो,” लेक म्हणाली, आणि टेबलावर बोटं आपटत तिनं तो पियानोचा तुकडा तोंडानं गाऊन दाखवला. सगळा, जसाच्या तसा. वरचे सूर, खाली उतरणारे सूर, आणि अगदी शेवटी ओठ मिटून छातीतून काढलेला एक खोल, हलका ‘हुम्’. “हा. हा आला की मी शिरते. त्यानं हा गाळला.”

मी आत्याकडे पाहिलं. तिचा डावा हात टेबलावर होता. तो तिनं उचलला आणि मांडीवर, टेबलाखाली ठेवला.

“तो त्यात नाही, बाळा,” ती म्हणाली. “तो मी घालायचे.”

लेकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रडली नाही, ओरडलीही नाही. नुसती “बरं” म्हणाली आणि झगा बदलायला आत गेली. त्या एका ‘बरं’पेक्षा तिनं घर डोक्यावर घेतलं असतं तर बरं झालं असतं. मला मात्र राग आला. फार राग आला. मी आत्याला वाट्टेल ते बोलले. लाडानं वाटोळं केलंस म्हटलं. शिकवायचं सोडून पांगुळगाडा दिलास म्हटलं. ती ऐकून घेत राहिली. उलट बोलली असती तर माझा राग लवकर उतरला असता.

लेक परत कुठल्या चाचणीला गेली नाही. “बघू,” म्हणायची, आणि बघता बघता वयाची अट उलटून गेली. आता ती दातांच्या डॉक्टरांकडे स्वागताच्या टेबलावर बसते. नोकरी चांगली आहे, माणसं चांगली आहेत. लोक दाढ धरून येतात आणि ती त्यांना त्या सुंदर आवाजात म्हणते, “बसा, बोलावते.” आत्याशी ती भांडली नाही. जेवायला हाक मारायची, औषध आणून द्यायची, तिचं डोकं दुखलं तर चेपूनही द्यायची. पण वरच्या पियानोच्या खोलीत तिनं परत पाऊल टाकलं नाही.

आत्यानं कॉलेजात तो सूर बंद करायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं, करंगळीला कोण सांगणार? इतक्या वर्षांची सवय. पोरगं घाबरलेलं दिसलं की बोट आपोआप खाली जायचं. शेवटी तिनं औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणली आणि करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकली. तशीच वाजवायची. पोरांना वाटायचं, बोट मोडलंय. त्यातच तिनं सांभाळून घेणंही सोडलं. ओळ गिळली तर गिळली, ही आपली छापल्याप्रमाणे पुढे.

व्हायचं तेच झालं. त्या वर्षीच्या परीक्षेत पोरं धडाधड आपटली. गादीची फरशी झाली. हे नावही पोरांनीच ठेवलं, आणि तेही तिनं घरी येऊन सांगितलं, फक्त या वेळी हसली नाही. मोठ्या सरांनी तिला खोलीत बोलावलं. म्हणाले, “आत्या, तुमचं काय बिनसलंय? पालक येऊन भांडतायत. थोडं सांभाळून घ्या.” ती म्हणाली, “सर, मी सांभाळून घेतलं तर पुढे कोणी सांभाळणार नाही.” सर म्हणाले, “पुढचं पुढे. आधी पास तर होऊ देत.” तिनं ऐकलं नाही. मग परीक्षांची साथ दुसऱ्याकडे गेली, आणि आत्याला सरावाच्या खोल्यांतली कामं उरली. हात दाखवून अवलक्षण, असं मी तिला म्हटलं. मनातून मात्र मला तेव्हा पहिल्यांदा तिची कीव आली. चुकीच्या वेळी हट्टाला पेटलेलं माणूस फार एकटं दिसतं.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलांना चार शब्द सांगायला तिला बोलावलं होतं. तिचं सामान आणायचं होतं, म्हणून मी निघाले. लेक म्हणाली, “मी येते, तुला एकटीला ते उचलवणार नाही.” पदवीनंतर ती पहिल्यांदाच त्या इमारतीत पाऊल टाकत होती. जिन्याचा कठडा तिनं तळहातानं सगळा चाचपला. आम्ही वर्गाच्या मागच्या दाराशी उभ्या राहिलो. आत्या बोलताना चष्मा काढते, आणि चष्म्याशिवाय तिला पहिल्या रांगेपलीकडचं काही दिसत नाही.

“घसा जपा, गरम पाणी प्या, हे तुम्हाला सगळेच सांगतील,” ती म्हणत होती. “मी सांगते ते कोणाला आवडत नाही. साथीदार फार चांगला मिळाला तर त्याला बदला. दर महिन्याला बदला. जो तुमच्यासाठी थांबतो त्याच्याबरोबर गाऊ नका, जो थांबत नाही त्याच्याबरोबर गा. कुठल्यातरी अनोळखी साथीदाराला पकडा, त्याला चहा पाजा आणि म्हणा, मी चुकले तर तुम्ही खुशाल पुढे जा. मोजायचं ते बुटातल्या बुटात अंगठ्यानं मोजा, कोणाला दिसत नाही. आणि ‘सांभाळून घ्या’ हे वाक्य तोंडात आलं तर जीभ चावा.”

पोरं हसली. मग तिनं पट्टी बांधलेला हात वर केला आणि करंगळीची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, ‘माझी एक भाची’ एवढंच म्हणाली. झगा निळा होता हेही सांगितलं. मला वाटलं होतं, तिच्या ते लक्षातही नसेल. लेक माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “मग तुमची भाची मोजायला शिकली का शेवटी?”

आत्यानं बराच वेळ चष्मा पुसला. “मी विचारलं नाही,” ती म्हणाली. “धीर झाला नाही माझा.”

निघताना सामान फार नव्हतंच. गाण्यांच्या छापील प्रतींची एक पेटी, चहाचा मग, आणि तिच्या स्टुलावरची ती जुनी दबलेली उशी. ती मात्र तिला हवीच होती. “गादीची गादी,” मी म्हटलं, वातावरण हलकं करायला. कोणी हसलं नाही. लेकीनं उशी काखेत मारली, पेटी मी घेतली, आणि आम्ही तिघी चालत निघालो. आत्यानं आम्हाला वर्गाच्या दारात पाहिलं तेव्हाच तिला कळलं होतं की लेकीनं सगळं ऐकलंय.

कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी आम्ही थांबलो.

“आत्या,” लेक समोर बघतच म्हणाली, “मला मोजता येत होतं.”

“काय?”

“दुसऱ्या वर्षापासूनच यायला लागलं होतं. तुझ्या सुराआधीच मला कळायचं, आता येणार. त्या दिवशीही मी मोजत होते. बरोबर मोजलं होतं. वेळ झाली हेही कळलं. पण तुझा सूर आला नाही, म्हणून वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. तू हो म्हणायची वाट बघत राहिले.”

इतकी वर्षं आत्याला वाटत होतं की आपण पोरीला मोजायला शिकवलं नाही. त्यासाठी तिनं बोट बांधलं, परीक्षा घालवल्या, पोरांचे शिव्याशाप घेतले. आणि पोरीला मोजता येत होतं. गेलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि त्याला बांधायला पट्टी मिळत नाही. मी पेटी खाली ठेवली.

“तेव्हाच का नाही बोललीस?” मी लेकीला म्हटलं.

“कोणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. त्यात चीड नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

आत्या तिच्याकडे वळली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर म्हणायचं असेल, किंवा आता गा म्हणायचं असेल. तिनं तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि तशीच उभी राहिली. लेकीनं वाट पाहिली. गाड्या थांबल्या, पलीकडचा माणसाचा दिवा हिरवा झाला, माणसं आमच्या बाजूनं पुढे गेली, तरी आत्या तशीच. शेवटी लेकीनं उशी दुसऱ्या काखेत घेतली आणि मोकळ्या हातानं तिची ती पट्टी बांधलेली बोटं धरली.

“हं, चल आता,” ती म्हणाली, आणि आम्ही रस्ता ओलांडला.